पंचवटीतल्या तीर्थोपाध्यांच्या वहीतली मोडी नोंद: साल, नाती आणि शेवटची खूण लागत नाही

दोडीकर यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या गावाचं उपाध्येपण पंचवटीतल्या ज्या घराकडे आहे, तीर्थाला येणाऱ्या कुळांची नावं नोंदवून ठेवलेल्या त्यांच्या वहीतल्या एका पानाचा फोटो त्यांच्या परवानगीने काढला आहे. नोंद मोडीत आहे, ओळी अकरा. बाजारात मिळणारा मोडी बाराखडीचा तक्ता शेजारी ठेवून अक्षर-अक्षर जुळवतो आहे. निम्मं जुळतं, निम्मं नाही. आतापर्यंत एवढं लागलं:

ओळ १: शके १७[६ की ९?]५ श[?] नाम संवत्सरे माघ व॥ ५
ओळ २: मौ॥ दोडी बु॥ प॥ सि[?]र
ओळ ३: रामजी बिन वि[?]
ओळ ४: जी बिन रामजी पा॥ [पुढे दोन शब्द लागत नाहीत]
ओळ ६: सुरुवातीला "चुलते" असावं
ओळ ८: पारबती को[?] राघोजी
ओळ ९: शेवटी वाकड्या काठीसारखी एक खूण, तक्त्यातल्या कुठल्याच अक्षराशी जुळत नाही
ओळ १० आणि ११: शाई वेगळी, अक्षर बारीक

साल नक्की कसं करायचं? १७९५ असेल तर ते १८७३ धरू का? ही दोन दोन दंडांची चिन्हं काय आहेत? रामजी दोनदा आला आहे, तो लिहिणाऱ्याचा दोष की खरंच दोन माणसं? आणि शब्द कुठे संपतो हे ओळखायचं कसं?

---

बोरू

तक्ता तूर्त बाजूला ठेवा. तक्त्यात प्रत्येक अक्षर सुटं, सावकाश काढलेलं असतं, शाळेतल्या कित्त्यासारखं. वहीतलं अक्षर शेजारच्या अक्षरात वाहत जातं. मोडीत आधी पानभर शिरोरेषा आखून घेतात आणि तिच्याखाली हात शक्यतो न उचलता लिहीत जातात. त्यामुळे काना वरून खाली येत नाही. अक्षराच्या तळातून वळून तो वर शिरोरेषेला भिडतो. तुमच्याकडे जी अक्षरं जुळत नाहीत, त्यांतली बरीचशी काना किंवा वेलांटी लागून रूप बदललेलीच असणार. "जी" हे ज आणि वेलांटी असं तोडून पाहू नका, एकच आकृती म्हणून डोळ्यांत बसवा. "र" तर सुटा वेगळा, जोडाक्षरात वेगळा आणि रफारात आणखी वेगळा दिसतो.

उपाध्यांच्या वहीतली नोंद वाचण्याचा खरा मार्ग असा आहे की तिच्यात येणारे बहुतेक शब्द ठरलेल्या यादीतले असतात. महिने बारा. संवत्सरं साठ. पक्ष दोन. गावाच्या आधी मौजे किंवा कसबे, नंतर परगणे किंवा तर्फ, म्हणजे गावांचे जुने गट. नात्यांचे शब्द वीस-पंचवीस. म्हणजे अनोळखी फक्त माणसांची नावं राहतात, आणि तीही बहुधा जी, बा, राव, बाई यांवर संपतात. म्हणून अक्षरावरून शब्दाकडे जाण्याऐवजी ठरलेल्या शब्दावरून अक्षराकडे या.

तुमच्या पानावर हे असं करा. "बिन" हा शब्द तुम्हाला नक्की लागला आहे आणि तो दोनदा आहे. दोन्ही ठिकाणचा फोटो मोठा करून शेजारी शेजारी ठेवा. त्यातून या लेखकाचा ब, त्याची वेलांटी आणि न हाती येतो. "रामजी"मधून र, काना, म, जी. "संवत्सरे"मधून स, व, त आणि मात्रा. "दोडी"मधून द, ड आणि ओकार. प्रत्येक अक्षराचा तुकडा फोटोतून कापून एका कागदावर चिकटवा, खाली ओळ क्रमांक लिहा. पंधरा-सोळा अक्षरं झाली की हा तुमचा या हाताचा तक्ता, आणि या पानापुरता तो छापील तक्त्यापेक्षा कितीतरी भरवशाचा. याच वहीत दुसऱ्या माणसाचं अक्षर आलं की नवा कागद घ्यायचा. दोन हातांची अक्षरं एकाच कागदावर मिसळली की सगळा घोळ होतो.

शब्द तुटतो कुठे, हे मोडी तुम्हाला सांगणार नाही. शब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नसतात, आणि ओळ संपली की नाव जिथे असेल तिथे तोडून खाली जातात. तुमची तिसरी-चौथी ओळ बघा: ओळीच्या शेवटी "वि[?]" आणि पुढच्या ओळीच्या आरंभी "जी". ते एकच नाव आहे. मधलं अक्षर ठ आणि त्याला ओकार निघाला तर विठोजी. ओकार "दोडी"तल्या दो शी ताडून पाहा, अंदाजाने विठोजी लिहू नका. विसाजीही होऊ शकतो, त्यात ओकार नसतो, काना असतो.

ऱ्हस्व-दीर्घाची चिंता सोडा. मोडीत वेलांटी एकच आणि उकारही एकच चालतो. अनुस्वार कधी देतात, कधी गाळतात. जोडाक्षर सोपं करून टाकतात, त्यामुळे दुसऱ्या ओळीतलं गाव "सिनर" किंवा "सिंनर" असं दिसेल. ते सिन्नरच.

दोन दंड म्हणजे संक्षेप. मौ॥ मौजे, प॥ परगणे, बु॥ बुद्रुक, खु॥ खुर्द, पा॥ पाटील, रा॥ राजश्री, नि॥ निसबत (म्हणजे तर्फे), कै॥ कैलासवासी. व॥ तिथीच्या शेजारी आला तर वद्य, दोन नावांच्या मध्ये आला तर वलद, म्हणजे बिनसारखंच "अमक्याचा मुलगा". हेच दोन दंड आकड्यानंतर आले तर अर्धा: २॥ म्हणजे अडीच. दक्षिणेचा किंवा दानाचा आकडा नोंदीत असेल तर तिथे घसरायला होतं. एक दंड पाव, दोन दंड अर्धा, दोन दंडांपुढे आणखी एक सुटा दंड म्हणजे पाऊण.

---

जंत्री

सालाचा प्रश्न तुमच्या पहिल्या ओळीतच सुटतो. धावत्या हातात ६ आणि ९ यांची गल्लत नेहमीची आहे, म्हणून आकडा एकटा कधी धरायचा नाही. संवत्सराचं नाव हा त्याचा पडताळा.

रीत: शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक. प्रभव पहिला, क्षय साठावा, बाकी शून्य आली तर क्षय.

१७६५ + १२ = १७७७, बाकी ३७, म्हणजे शोभन.
१७९५ + १२ = १८०७, बाकी ७, म्हणजे श्रीमुख.

दोन्ही नावं श ने सुरू होतात, त्यामुळे पहिल्या अक्षरावरून निकाल लावू नका. दुसरं अक्षर पाहा. शोभनमध्ये श ला ओकार आणि पुढे भ, न. श्रीमुखमध्ये श्र ला वेलांटी आणि पुढे मु, ख. "रामजी"तला म तुमच्याकडे आहेच, तो इथे दिसतो का बघा. दिसला तर १७९५.

आता इसवी सन. शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच चालतं. १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९ मिळवायचे, कारण इंग्रजी साल बदललेलं असतं आणि शक अजून तोच असतो. माघ महिना या दुसऱ्या भागात येतो. म्हणून शके १७९५ माघ वद्य ५ म्हणजे १८७४ सालचा जानेवारी-फेब्रुवारी, १८७३ नव्हे. पौषात जास्त सांभाळावं लागतं, कारण तो दोन्ही इंग्रजी सालांवर पसरतो. तिथे तिथी पंचांग-गणिताला लावूनच तारीख काढावी.

तिथीपुढे वार असेल तर तोही नोंदवा. रवि-सोम असे नेहमीचे शब्द नसतील: भानुवार, इंदुवार, भौमवार, सौम्यवार, गुरुवार, भृगुवार, मंदवार असे असतील, रविवारापासून शनिवारापर्यंत याच क्रमाने. तिथी आणि वार यांत एका दिवसाचा फरक आला तर वाचन लगेच चूक मानू नका. तिथी सूर्योदयाला धरतात, विधी मात्र आदल्या दिवशी तिथी लागल्यावरही झालेला असू शकतो. दोन-तीन दिवसांचा फरक आला तर मात्र महिना, पक्ष किंवा आकडा यांपैकी काहीतरी चुकलं आहे.

जुन्या पानांवर शकाऐवजी किंवा शकाबरोबर सुहूर सन (मराठी दप्तरांतलं जुनं साल) भेटेल, आणि तोही अरबी शब्दांत. "सलास सबैन मया व अलफ" म्हणजे ३ + ७० + १०० + १०००, एकूण ११७३. त्यात ५९९ मिळवले की १७७२. हे साल मृग नक्षत्रापासून (जूनच्या आरंभापासून) पुढच्या मृगापर्यंत चालतं, म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ६०० मिळवायचे. दख्खनच्या फसलीत (महसुली सालात) ५९०, आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ५९१. एकक आधी, मग दशक, मग शतक, शेवटी अलफ, हा क्रम लक्षात ठेवला की अर्धवट लागलेला शब्दही भरून काढता येतो. खमस पाच आणि खमसैन पन्नास, सबा सात आणि सबैन सत्तर: शेवटच्या "ऐन"कडे नीट बघा, सालात पंचेचाळीस-साठ वर्षांची चूक इथूनच होते.

---

दोडीकर

दोघांचेही आभार. पानावरची अक्षरं कापून तक्ता केला. संवत्सरात दुसरं अक्षर "मु" स्पष्ट आहे, म्हणजे श्रीमुख, शके १७९५. विठोजीचा ओकारही दोडीच्या दो शी जुळला. चौथ्या ओळीत पा॥ च्या पुढे "बंधु लखमाजी" लागलं. पाचवीत "पुत्र" आणि दोन नावं. सहावीत "चुलते राघोजी". आता आठवीतला को[?], रामजीचा प्रश्न, नववीतली खूण आणि शेवटच्या दोन ओळी राहिल्या.

---

रुमाल

आठवी ओळ "पारबती कोम राघोजी". कोम म्हणजे अमक्याची बायको. जुन्या कागदांत बाईच्या नावापुढे कोम किंवा मर्द आणि मग नवऱ्याचं नाव येतं, भ्रतार असंही लिहितात. राघोजी तुमच्याकडे सहाव्या ओळीत चुलते म्हणून आला आहे, तर पारबती ही रामजीची चुलती. को नंतरचं अक्षर "रामजी"तल्या म शी ताडून घ्या. बायकांची नावं लोक उतरवून घेताना सर्रास सोडून देतात, ती सोडू नका. सारख्या नावांचे दोन पुरुष वेगळे करायला पुष्कळदा बायकोचं नावच कामी येतं.

रामजी दोनदा आला यात दोष काही नाही. नातवाला आज्याचं नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे रामजी, विठोजी, रामजी, विठोजी अशी साखळी पिढ्यान्‌पिढ्या चालते. धोका पुढे आहे: दुसऱ्या एखाद्या पानावर नुसतं "रामजी बिन विठोजी" भेटलं तर तो हाच की याचा आजा किंवा नातू, हे नावावरून कळणार नाही. त्यासाठी प्रत्येक नोंदीतून चार गोष्टी एकत्र घ्या: साल, भावांची नावं, बायकोचं नाव, आणि कोणाच्या मागे कै॥ लागला आहे ते. एका नोंदीत पुत्र म्हणून आलेला माणूस पंचवीस-तीस वर्षांनी स्वतः यजमान म्हणून आला असेल, तर दुवा पक्का. नुसत्या नावावर दुवा जोडू नका. वंशावळी बिघडतात त्या इथे.

नोंदीत पहिलं नाव येतं ते बहुधा स्वतः तीर्थाला आलेल्याचं. पुढे वर बाप, आजा, पणजा, मग बाजूला भाऊ आणि चुलते, मग खाली मुलगे. शेवटाकडे आमच्या वंशातला जो कोणी क्षेत्री येईल त्याने यांनाच उपाध्ये मानावं, अशा अर्थाचं वाक्य असतं. तुमची सातवी ओळ आणि नववीचा आरंभ लागत नसेल तर हे वाक्य डोळ्यासमोर ठेवून वाचा. "वंश", "क्षेत्र", "उपाध्ये", "लिहून दिले" यांपैकी एखादा शब्द सापडला की बाकीचं उलगडतं.

नववीच्या शेवटची खूण अक्षर नाहीच. ती निशाणी नांगर आहे. लिहिता न येणारा पाटील किंवा कुणबी सहीच्या जागी नांगर काढायचा, बलुतेदार आपापल्या धंद्याचं हत्यार काढायचे. आडवा वाकलेला दांडा आणि त्याला खाली टोक, असं दिसत असेल तर नांगरच. तिच्या शेजारी "नि॥" किंवा "निशाणी" आहे का पाहा; त्या जागी नि॥ म्हणजे निसबत नव्हे. ही खूण मोलाची आहे. मजकूर उपाध्यांनी किंवा कुलकर्ण्यांनी लिहिला असेल, पण त्या पानावर रामजीच्या स्वतःच्या हाताचं एवढंच आहे.

आता दहावी-अकरावी. शाई वेगळी आणि अक्षर बारीक म्हणजे नंतरची भर. पुढे कोणी गावाहून आलं, घरात मुलगा झाला असं सांगितलं, की उपाध्ये जुन्या नोंदीखालीच वाढवून ठेवतात. बोरूने (तासलेल्या काडीच्या लेखणीने) लिहिलेल्या रेघेत जाड-बारीक फरक ठळक असतो, टाकाच्या निबाची रेघ बरीचशी एकसारखी असते. तेव्हा या दोन ओळींना १७९५ शक लावू नका. वेगळी नोंद म्हणून, साल न घालता उतरवा.

एक तपासणी आणखी करा. या पानाच्या मागच्या-पुढच्या पानांवर दहा-वीस वर्षांच्या अंतराच्या नोंदी एकाच हातच्या, एकाच शाईच्या दिसतात का? तसं असेल तर ही मूळ वही नाही, जीर्ण वहीवरून केलेली नक्कल आहे. नकलेत आकडा आणि गावाचं नाव उतरवताना चूक झालेली असू शकते. तुमच्या पानावर निशाणी प्रत्यक्ष काढलेली आहे आणि खालची भर वेगळ्या हातची आहे, त्यावरून हे पान मूळ वाटतं.

---

गोदातीर

फोटोबद्दल थोडं, कारण पान पुन्हा बघायला जायची वेळ येणारच.

फ्लॅश मारू नका. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, मोबाइल पानाशी समांतर धरून आधी सबंध पान घ्या, मग तीन-तीन ओळींचे तुकडे. प्रत्येक तुकड्यात आधीच्या तुकड्यातली एक ओळ पुन्हा येऊ द्या, नाहीतर जोडताना ओळ गाळली जाते. समोरच्या पानाचाही फोटो घ्या, गावाचं किंवा कुळाचं नाव कधी कधी तिथेच एकदा लिहून पुढच्या नोंदींत "मजकूर" (म्हणजे वर सांगितलेलंच) एवढंच म्हटलेलं असतं. जिथे अक्षर दबलं आहे तिथे उजेड एका बाजूने, तिरका पडू द्या. शाईवर टाकलेल्या वाळूचे कण चिकटून राहिलेले असतात, ते तिरक्या उजेडात चमकतात आणि रेघ कुठे होती ते दाखवतात. ते कण पुसायचे नाहीत.

बोट ओलं करून पान उलटायचं नाही. काजळ आणि डिंकाची काळी शाई पाण्याने सुटते, एका ओल्या बोटाने नाव जातं. घडीवर तुटलेला कागद दाबून सपाट करू नका, चिकटपट्टी तर मुळीच लावू नका. गोदाकाठच्या घरांतल्या कागदांना पुराचं पाणी हा जुना शत्रू, १९६९ चा महापूर तर सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या पानांना पाणी लागलं त्यांवर तपकिरी कडा असतात. फोटोतल्या रंगांचे घटक वेगळे करून देणारं ॲप असेल तर काळ्या शाईवरच्या तपकिरी डागाला लाल घटक पाहा, डाग फिका पडतो. उलट शाईच उडून तपकिरी झाली असेल तर निळा घटक पाहा, रेघ गडद होते.

गावाच्या पत्त्याबाबत: नाशिक जिल्हा १८६९ साली झाला. त्याआधीच्या नोंदीत सिन्नर, निफाड, दिंडोरीकडची गावं नगर जिल्ह्यात आणि मालेगाव-बागलाणकडची खानदेशात दिसतील. त्याहून जुन्या कागदांत नाशिकलाच गुलशनाबाद म्हटलेलं सापडेल. गाव हरवलेलं नसतं, वरचं नाव बदललेलं असतं.

१८७४ च्या पुढच्या पिढ्या पडताळायच्या असतील तर सिन्नर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, आणि गावच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर यांची नक्कल मागा. कोतवाल बुकातल्या जुन्या नोंदीही मोडीत असतात, पण तिथे रकाने ठरलेले असल्यामुळे वाचायला सोप्या जातात. दाखल्यासाठी कागद लागणार असेल तर आपण केलेलं लिप्यंतर चालत नाही, अधिकृत मोडी वाचकाचं लागतं.

---

बोरू

रुमाल यांच्या म्हणण्यात एक दुरुस्ती सुचवतो. पहिलं नाव आलेल्याचंच असतं हे घरोघरी खरं नाही. काही वह्यांत मूळपुरुषापासून आरंभ करतात आणि आलेल्याचं नाव "हस्ते" म्हणून शेवटी येतं. इथे नांगराच्या आधी कोणाचं नाव आहे ते वाचा. तिथे रामजी असेल तर प्रश्न मिटला.

लिप्यंतर लिहिताना मूळ ओळ तशीच ओळ ठेवा, ओळीच्या आरंभी क्रमांक द्या. संक्षेप आधी जसाच्या तसा लिहा, फोड त्याखालच्या वेगळ्या ओळीत द्या. "पारबती" असेल तर पार्वती करू नका, "सिनर"चं सिन्नर करू नका. जे लागलं नाही तिथे जेवढी अक्षरं असतील तेवढी प्रश्नचिन्हं चौकटी कंसात टाका. शंकेचं अक्षर असेल तर दोन्ही पर्याय लिहा, जसं पहिल्या ओळीत ६ आणि ९ चं केलं होतं तसं.

सातवी आणि नववी ओळ मोठी करून इथे टाका, सोबत तुमचा कापलेल्या अक्षरांचा कागदही टाका. तो कागद असला की आम्हालाही त्याच हाताच्या अक्षरावरून वाचता येईल.

---

दोडीकर

नांगराच्या आधी "हस्ते लखमाजी" आहे. स आणि त "संवत्सरे"तल्या अक्षरांशी ताडून पाहिले, "लखमाजी" चौथ्या ओळीतल्यासारखंच आहे. म्हणजे तीर्थाला भाऊ आला होता.

---

रुमाल

मग निशाणी लखमाजीची, माझं वरचं वाक्य त्याप्रमाणे बदलून वाचा. आणि पाचव्या ओळीतले दोन पुत्र कोणाचे, हे आता पुन्हा बघावं लागेल. "पुत्र" हा शब्द "बंधु लखमाजी"नंतर लगेच आला आहे, त्यामुळे ते लखमाजीचेही असू शकतात. पुत्रच्या आधी "त्याचे" किंवा "याचे" आहे का, आणि नावांनंतर १, २ असे आकडे घातले आहेत का, ते पाहा. मग पुढच्या नोंदींत तीच नावं बापाच्या नावासकट शोधायची: "बिन लखमाजी" की "बिन रामजी", तिथेच ठरेल. तोपर्यंत वंशवृक्षात ती दोन नावं तुटक रेघेने जोडा.